हात शाबूत तर हंगाम शाबूत: होडीवर जखम झाली तर काय करावं



३१ जुलैला मासेमारी बंदी संपते आणि मालीम, कुटबण, शापोरा, खारीवाडा इथल्या जेटींवर परत गडबड सुरू होते. डिझेल, बर्फ, जाळी, रेशन सगळं आपण मोजून चढवतो. प्रथमोपचाराची पेटी मात्र केबिनमध्ये कुठेतरी पडलेली असते. उघडली तर आत सुकलेली मलमाची ट्यूब आणि मळकी पट्टी!

आपल्या धंद्यात कापणं-टोचणं रोजचंच आहे. दोराने तळहात सोलतो, विंचच्या वायरचा सुटा तुकडा घुसतो, शेंगाळ्याचा काटा लागतो, कुर्ली बोट पकडते. "काय होत नाही रे" म्हणून आपण कामाला लागतो. पण जमिनीवर अर्ध्या तासात डॉक्टर गाठता येतो, समुद्रात त्यालाच सात-आठ तास लागू शकतात. म्हणून होडीवर पहिली दहा मिनिटं आपल्यालाच सांभाळावी लागतात.

आधी रक्त थांबवा

स्वच्छ कापड किंवा गॉज जखमेवर ठेवा आणि तळहाताने घट्ट दाबून धरा. घड्याळ लावून पूर्ण १० मिनिटं. मध्येच उचलून "थांबलं काय?" बघू नका, धरत आलेली गुठळी सुटते. कापड भिजलं तर ते न काढता त्यावरच दुसरं ठेवा. हात किंवा पाय वर धरा.

दाबूनही रक्त उसळतच राहिलं आणि जिवावर बेतलं, तरच हात किंवा पाय आवळून बांधायचा. जखमेच्या तीन-चार बोटं वर, सांध्यावर नाही. रुंद कापड घ्या, काठी घालून पिळा, रक्त थांबेपर्यंत. जाळ्याचा बारीक दोर वापरू नका, तो मांस कापतो. बांधल्याची वेळ लिहून ठेवा आणि इस्पितळात पोचेपर्यंत ते सोडू नका.

मग धुवा, पण खाऱ्या पाण्याने नको

रक्त थांबल्यावर आधी स्वतःचे हात साबणाने धुवा. मग जखमेवर पिण्याच्या पाण्याची धार धरा, निदान पाच मिनिटं. आजूबाजूची कातडी साबणाने साफ करा. पोव्हिडोन आयोडीन लावा, कोरडी पट्टी बांधा, रोज बदला. जखम मोठी असेल आणि रक्त मुश्किलीने थांबलं असेल, तर धुण्याच्या भानगडीत पडू नका. दाब तसाच ठेवून किनारा गाठा.

"खारं पाणी जखम साफ करतं" असं जुनी माणसं सांगत आली. पण उबदार समुद्रात व्हिब्रिओ नावाचे जंतू मुळातच असतात, आणि जेटीजवळ तर सगळी घाण. मासे ठेवलेल्या बर्फाचं पाणीही नकोच. तसंच डिझेल, चुना, तंबाखू, चहाची पूड जखमेत भरू नका. डब्यातली हळदसुद्धा जंतुविरहित नसते. टाके घालण्याआधी डॉक्टरला हे सगळं खरवडून काढावं लागतं, आणि तेव्हा जीव जातो तो आपलाच.

शेंगाळा आणि वागळ्याचा काटा

शेंगाळ्याला तीन काटे: पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक. वागळ्याचा काटा शेपटीवर. दोन्हींना करवतीसारखे दात असतात आणि विषही असतं, म्हणून कळ खांद्यापर्यंत चढते. इथे बर्फ लावू नका, गरम पाणी करा. ते विष उष्णतेने निकामी होतं. सोसवेल एवढ्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, हात किंवा पाय ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा. पाणी आधी चांगल्या हाताने तपासा. दुखणाऱ्या हाताला चटका समजत नाही आणि कातडी भाजते.

वर दिसणारा बारीक काटा चिमट्याने काढा. पण छाती, पोट किंवा मानेत घुसलेला काटा ओढू नका. तो हलणार नाही असा बांधा आणि परत फिरा. डोळ्यात किंवा डोळ्याजवळ गळ रुतला तरी हाच नियम.

बोट तुटलं तर

विंचमध्ये बोट गेलं, तर आधी माणसाचं रक्त थांबवा. तुटलेलं बोट स्वच्छ, किंचित ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. बर्फ आपल्याकडे हवा तेवढा असतो, पण बोट थेट बर्फावर टाकलं तर ते गोठून फुकट जातं.

परत केव्हा फिरायचं?

दाबूनही रक्त थांबत नाही, जखम तोंड उघडून आहे, बोट हलत नाही किंवा बधिर झालंय, काटा आत मोडलाय: यातलं काहीही असेल तर थांबू नका. टाके लवकर पडले तर बरं, पहिल्या सहा-आठ तासांत पडलेले उत्तम. जखमेभोवतीची लाली तासातासाने पसरतेय, काळपट फोड येतायत, ताप चढतोय, तर ही जिवाची गोष्ट आहे. मधुमेह, यकृताचा आजार किंवा रोजची दारू असलेल्यांना हा धोका जास्त. डॉक्टरला स्पष्ट सांगा, "जखम समुद्राच्या पाण्यात, माशामुळे झाली." औषध त्यावर ठरतं.

समुद्रातून व्हीएचएफ चॅनल १६ किंवा तटरक्षक दल १५५४. जेटीवर पोचण्याआधीच १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा, म्हणजे म्हापसा, मडगाव किंवा बांबोळीच्या गोमेकॉला नेण्यात वेळ जाणार नाही.

तांडेल आणि मालकांना विनंती

खलाशी जखम लपवतो. का? फेरी मोडली तर डिझेल फुकट, हिस्सा बुडतो, आणि बोल त्यालाच लागतात. आपल्या ट्रॉलरवरचे कितीतरी जण ओडिशा, झारखंडातून आलेले, भाषा वेगळी. ते आपणहून सांगणार नाहीत. म्हणून रोज संध्याकाळी तांडेलानेच हात दाखवायला सांगावं, आणि कोणी जखम दाखवली म्हणून त्याचा हिस्सा कापू नये. बोट दुसरी बांधता येते, हाताचं बोट नाही!

बाजारातल्या आणि रेवेवरच्या भगिनींनो

आदोळीवर कापलेलं बोट तुम्ही दिवसभर माशाच्या पाण्यात भिजत ठेवता. धुवा, कोरडं करा, पट्टी बांधा, वर रबरी हातमोजा घाला. कालवां-शिनाणे काढायला जाताना पायात जाड तळव्याचे बूट हवेत. लहान जखम भरली, पण काही आठवड्यांनी तिथे गाठ आली आणि जात नाही, तर डॉक्टरला दाखवा. तोही पाण्यातल्या जंतूचा प्रकार असू शकतो.

धनुर्वात

हा गंजामुळे होत नाही, माती-घाणीतल्या जंतूंमुळे होतो. खोल किंवा घाण जखम झाली आणि पाच वर्षांत इंजेक्शन झालेलं नसेल, तर किनाऱ्यावर येताच घ्या. हंगामाच्या पहिल्या फेरीआधीच सगळ्या खलाशांना जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन विचारून घेतलं तर उत्तम.

पेटीत काय हवं?

गॉज, रुंद पट्ट्या, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन, साबण, हातमोजे, चिमटा, कात्री, टॉर्च, प्लास्टिकच्या स्वच्छ पिशव्या, पेन. झाकण घट्ट बसणारा डबा घ्या, आणि बाजूला पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या फक्त जखमेसाठी. डबा कुठे आहे ते होडीवरच्या प्रत्येकाला माहीत हवं, नव्या पोरालासुद्धा.

आजच आपापला डबा उघडून बघा आणि काय कमी आहे ते भरा. ही माहिती आपल्या होडीच्या ग्रुपवर टाका, आणि ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांना हिंदीत समजावून सांगा. दर्या सर्वांना सुखरूप घरी आणो.