आकाशातील संरक्षण – लेखांक ५ : विमानातला लेझर

शत्रूचे क्षेपणास्त्र पाडायचे तर ते झेपावत असतानाच, हे गेल्या लेखात आपण पाहिले. त्या वेळी इंजिनाची ज्वाळा दुरूनही दिसते आणि इंधनाची टाकी दाबाखाली असते. अडचण एकच, वेळ फार थोडा. आंतरखंडीय क्षेपणास्त्राचा हा टप्पासुद्धा तीन ते पाच मिनिटांत आटोपतो. प्रकाशाच्या वेगाने पोहोचणारे शस्त्र हवे, ही कल्पना इथूनच आली.

१९९६ मध्ये अमेरिकी हवाई दलाने बोइंग ७४७ विमानात लेझर बसवण्याचे काम हाती घेतले. विमानाच्या पोटात क्लोरीन वायू आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे अल्कधर्मी द्रावण यांची अभिक्रिया होई. त्यातून ऊर्जाभारित ऑक्सिजन तयार होई, तो आपली ऊर्जा आयोडीनला देई आणि आयोडीनमधून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण निघे. त्याची शक्ती मेगावॉटच्या घरातली होती.

नेम धरणे हे त्याहून अवघड काम. आधी संवेदक ज्वाळा हेरत. मग एक छोटा लेझर क्षेपणास्त्राचा माग ठेवी आणि दुसरा वाटेतल्या हवेची थरथर मोजी. त्या मोजमापानुसार एक लवचिक आरसा क्षणोक्षणी आपला आकार बदले, म्हणजे मुख्य किरण विस्कटू नये. तो विमानाच्या नाकावरच्या फिरत्या दुर्बिणीतून बाहेर पडून काही सेकंद एकाच जागी रोखला जाई. तिथला पत्रा तापून कमकुवत झाला की टाकी आतल्याच दाबाने फाटे.

११ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत हे प्रत्यक्षात घडले. समुद्रातून सोडलेले द्रवइंधनाचे क्षेपणास्त्र उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत नष्ट झाले.

तरीही दोन वर्षांत प्रकल्प गुंडाळला गेला. कारण होते अंतर. जितके दूर जावे तितका किरण पसरतो आणि हवेत क्षीण होतो. हे विमान उपयोगी पडायचे तर त्याला इराणच्या हद्दीत घिरट्या घालाव्या लागतील, नाहीतर लेझर वीस ते तीस पट शक्तिशाली हवा, असे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी २००९ मध्येच सांगितले होते. शत्रूच्या आकाशात असे अवजड विमान किती वेळ तग धरणार? शिवाय रसायने संपली की तळावर परतणे भाग. अखंड पहाऱ्यासाठी अशी अनेक विमाने लागली असती. सुमारे पाच अब्ज डॉलर खर्चून झाल्यावर २०१२ मध्ये ते एकमेव विमान ॲरिझोनातल्या तळावर नेऊन ठेवले आणि २०१४ मध्ये मोडीत काढले.

शास्त्रज्ञांनी अशक्य वाटणारे काम करून दाखवले, याबद्दल शंका नाही. पण चाचणीतल्या यशावरून संरक्षणाची खात्री देता येत नाही. शस्त्र कुठे उभे राहणार, किती वेळ आणि कोणाच्या माऱ्याच्या टप्प्यात, हे प्रश्न पैसा मंजूर होण्याआधी विचारले गेले पाहिजेत. ते विचारण्याचा हक्क कर भरणाऱ्या प्रत्येक नागरिकाला आहे, मग देश कोणताही असो.

(पुढील लेखांकात : विजेवर चालणारे लेझर आणि ड्रोन)