छताखालचा आवाज

दुपारचे पावणेचार. तीनला सुरू व्हायचा सामना अजून कव्हरखाली पडून आहे. २ नोव्हेंबर २०२५, रविवार, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि पावसाला काही घरी जायचं नाही. माझ्या डावीकडे एक आजी आहेत, पंजाबी ड्रेसवर भारताची निळी जर्सी चढवलेली. पलीकडे अकरा-बारा वर्षांची नात. तिच्या गालावरच्या तिरंग्यातला हिरवा ओघळून हनुवटीपर्यंत आलाय.

"काका, अंपायर छत्री घेऊन आले की वाईट. बिनछत्रीचे आले की चांगलं," ती मला समजावते.

छत्रीवाले येतात. अख्खं स्टेडियम एका सुरात "ऊंऽऽ" करतं. दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झालेत. आजींच्या पर्समधून रुमालात बांधलेले शंकरपाळे निघतात. गेटवरच्या तपासणीतून ते कसे सुटले, विचारायची सोय नाही. पुढच्या रांगेतली कॉलेजची पोरंही हात पुढे करतात. नाणेफेक होईतो साडेचार वाजतात, आणि तोवर आमची रांग लग्नाच्या वऱ्हाडासारखी झालेली असते. सामना वेळेवर सुरू झाला असता, तर आम्ही आपापल्या नंबरच्या खुर्चीवर बसलेले तिकीटवाले राहिलो असतो.

मी इथे पहिल्यांदा आलो तो २००८च्या जूनमध्ये, आयपीएलच्या पहिल्यावहिल्या अंतिम सामन्याला. राजस्थानने चेन्नईला शेवटच्या चेंडूवर हरवलं होतं. स्टेडियम तेव्हा नवंकोरं, हफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी आखलेलं. प्रेक्षक आणि खेळपट्टी यांच्या मध्ये खांब नाही. छत मागच्या बाजूने झेपावत डोक्यावर येतं. आवाज वर जातो, छताला आपटतो आणि परत आपल्याच टाळक्यात बसतो. शिवाय हे मैदान विद्यापीठाच्या आवारात आहे, त्यामुळे आसपास पोरं असतातच. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाचं बास्केटबॉलचं कॅमेरून स्टेडियम आहे, १९४० सालचं. जागा जेमतेम ९,३१४, पण तिथले विद्यार्थी कोर्टाच्या रेषेला खेटून, सामनाभर उभे राहून ओरडतात, आणि पाहुण्या संघांना ती जागा नकोशी होते. इथे जागा पंचेचाळीस हजारांच्या घरात. एवढ्या मोठ्या वाडग्यात तशी जवळीक यायची तर ते छतच कामाला येतं.

पाचला खेळ सुरू होतो आणि मला फरक कळतो. २००८चा आवाज खर्जातला होता, बाप्यांचा. आजचा वरच्या पट्टीतला आहे. बायका, शाळकरी मुली, खांद्याला किटबॅग लावून आलेल्या क्रिकेट क्लासच्या पोरी. स्मृती मानधनाने पहिला चौकार मारताच आजी उभ्या राहतात. "आमच्या सांगलीची आहे हो ती!" माहेर तिकडचं, हे कळायला वेगळं विचारावं लागत नाही. स्मृती आणि शफाली १०४ची सलामी देतात. शफाली ८७वर बाद होते. तीही कोण, तर प्रतिका रावल जखमी झाली म्हणून उपांत्य फेरीच्या तोंडावर बोलावून आणलेली! भारत ७ बाद २९८.

दर षटकानंतर डीजे ढॅणढॅण लावतो. माणसं आपणहून गात असताना त्यांच्यावर गाणं ओतायचं कशाला? पण त्याला कोण सांगणार.

रात्री अकरा वाजून गेलेत. दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोलवार्ड शतक ठोकते. स्टेडियम गप्प. आमच्या रांगेत एकच टाळी वाजते, नातीची. आजी तिच्याकडे बघतात. "चांगलं खेळली ना ती," नात म्हणते. मग दोन-चार टाळ्या आणखी पडतात, आजींचीही एक, जरा नाखुशीची.

पुढे दीप्ती शर्माचा चेंडू. वोलवार्ड उचलून मारते, डीप मिडविकेटकडे. अमनजोत कौर धावतेय. चेंडू उंचावरून तिच्या हातात येतो आणि उडतो.

डीजे बंद आहे. एक भोंगा वाजत नाही. हजारो माणसांनी श्वास धरलाय, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला कुणाच्या तरी हातातल्या चिप्सच्या पाकिटाची कुरकुर ऐकू येते. चेंडू दुसऱ्यांदा उडतो. अमनजोत घसरत खाली जातेय. आजींनी माझं मनगट पकडलंय, त्यांची बांगडी हाडात रुततेय. तिसऱ्या खेपेला, एका हातात, चेंडू राहतो.

त्यानंतरचा आवाज छताकडून येतो की आमच्यातून निघतो, कळत नाही. पायाखालचं काँक्रीट हलतंय. तो आरोळीचा असतो की रडण्याचा, हेही मला सांगता येणार नाही. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा याच मैदानात पार झाल्या, तेव्हा मी घरी टीव्हीसमोर होतो. टीव्हीवर आरोळी ऐकू येते. तिच्या आधीची ही शांतता येत नाही.

मध्यरात्रीच्या सुमारास दीप्तीच्याच चेंडूवर कर्णधार हरमनप्रीत मागे धावत शेवटचा झेल घेते. २४६ सर्वबाद. अंतिम सामन्यांतले जुने पराभव, २००५चा सेंच्युरियनचा, २०१७चा लॉर्ड्सचा नऊ धावांचा, सगळं फिटतं. बाहेर फटाके. आत मैदानात मुली चषक घेऊन फिरताहेत, आणि तो माजी खेळाडू मिताली राज, झुलन गोस्वामी यांच्या हातात देताहेत.

"ती उंच कोण गं?" आजी विचारतात.

नात तोंड उघडते. आवाजच फुटत नाही. घसा पार बसलाय. ती हाताने गोलंदाजी करून दाखवते, धावत येऊन, उंचावरून, पूर्ण फिरवून. समोरच्या रांगेतला पोरगा वेळेत डोकं खाली घालतो.