शनिवार तेल्यांची शाळा

कामगार चळवळीतल्या माणसाने धार्मिक शाळेवर बोलावे, याचे काही मित्रांना आश्चर्य वाटले. आम्ही येथे कोणत्याही धर्माचा प्रचार करण्यासाठी उभे नाही. आमचे स्वतःचे शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. त्यामुळे ज्यांना कोणी शिकवायला आले नाही त्यांनी आपली शाळा कशी उभी केली, हे पाहण्याची आम्हांला खोड आहे. महाराष्ट्रातल्या एका लहानशा, गरीब समाजाने असे काम करून दाखविले आहे. तो समाज म्हणजे कोकणातले बेने इस्राएल, अर्थात आपले मराठी बोलणारे यहुदी.

जुन्नर-आंबेगावात त्यांचे प्रार्थनामंदिर नाही. पुण्यास रास्ता पेठेत त्यांचे ‘सुक्कथ शेलोमो’ आहे. ते १९२१ सालचे. छावणीतले ‘लाल देऊळ’ सर्वांना ठाऊक आहे. ते बगदादकडून आलेल्या यहुद्यांपैकी डेव्हिड ससून यांनी बांधविले. आजचा विषय बगदादी व्यापाऱ्यांचा नाही. घाण्यावर तेल गाळणाऱ्यांचा आहे.

कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या रायगडातल्या गावांतून हे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. धंदा तेलाचा. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. आडनावे गावांवरून पडली : दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, किहीमचे केहिमकर. आपले जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, पण तालुक्याने नाव सोडले नाही. तसेच हे लोक गाव सोडून मुंबईस गेले तरी गाव आडनावात घेऊन गेले.

शतकानुशतके त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हता, हिब्रू भाषा उरली नव्हती आणि धर्मपंडित तर नव्हताच. उरले होते ते एवढे : शनिवारची विश्रांती, मुलाची सुंता, खवले आणि पर असलेलाच मासा खाण्याचा नियम, काही सण-उपास आणि ‘शेमा इस्राएल’ ही एक प्रार्थना. सणांची नावेसुद्धा मराठी झाली होती. प्रायश्चित्ताच्या मोठ्या उपासाच्या दिवशी घराची दारे लावून बसत, म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’. वल्हांडणाचा तो ‘अनाशी ढाकाचा सण’. एक ‘खिरीचा सण’. ज्ञान गेले होते, पण घराची शिस्त शिल्लक होती. त्यांची शाळा या शिस्तीवरच पुढे उभी राहिली.

आता यहुदी धर्मशाळा म्हणजे काय, ते थोडे समजून घेऊ. या धर्मात मुलाला शिकविण्याची पहिली जबाबदारी शाळेवर नसते, ती बापावर असते. धर्मशास्त्र शिकविण्याबरोबर एखादा हातचा धंदा शिकविणे हेही त्याचे कर्तव्य मानले आहे. ज्याने मुलास धंदा शिकविला नाही त्याने त्यास चोरीच शिकविली, इतक्या कडक शब्दांत त्यांच्या पंडितांनी बजावले आहे. श्रमाला इतकी प्रतिष्ठा देणारा शिक्षणविचार आम्हां कामगारांना परका कसा वाटेल?

पण ज्याला बाप नाही, किंवा ज्याचा बाप स्वतःच अडाणी आहे, त्याचे काय? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी यहोशुआ बेन गमला या प्रमुख धर्मगुरूने यावर उपाय काढला. गावोगाव शिक्षक नेमावेत आणि सहा-सात वर्षांचे मूल त्यांच्याकडे धाडावे, असा त्याने नियम केला. तालमूद या ग्रंथात तर वर्गाचे प्रमाणच ठरवून दिले आहे : पंचवीस मुलांना एक शिक्षक; चाळीस झाली तर मदतनीस द्यावा आणि त्याचा खर्च गावाने सोसावा; पन्नास झाली तर दोन शिक्षक. एका माणसावर किती काम टाकावे याचा इतका जुना करार आमच्या पाहण्यात दुसरा नाही. आजही एका शिक्षकाच्या गळ्यात चार इयत्ता बांधल्या जातात, तेव्हा या आकड्यांची आठवण आम्हांस येते.

अभ्यासाचा क्रम साधा असतो. प्रथम अक्षरे, हिब्रू लिपी उजवीकडून डावीकडे चालते. मग स्वरचिन्हांसह वाचन. मग रोजच्या प्रार्थना. त्यानंतर ‘तोरा’, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. त्यांचे चोपन्न भाग पाडले आहेत. दर शनिवारी प्रार्थनामंदिरात क्रमाने वाचन होते आणि वर्षात ग्रंथ पुरा होतो. शेवटचा भाग संपला की त्याच दिवशी पहिला सुरू करतात, म्हणजे अभ्यास संपला असे कोणी म्हणू नये. मुलगा तेरा वर्षांचा झाला की तो धर्मनियमांना स्वतः जबाबदार होतो आणि भर मंडळीत उभा राहून वाचतो. ही त्याची परीक्षा. परीक्षक कोणी तपासनीस नसतो. आजी, मामा, शेजारी हेच ऐकणारे असतात.

येथेच बेने इस्राएलांची मोठी अडचण होती. ऐकणाऱ्यालाच जर ऐकलेले कळत नसेल, तर मुलाच्या शिकण्याला अर्थ काय? मुंबईस १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी पहिले प्रार्थनामंदिर बांधले. ‘शाआर हाराहामीम’ असे त्याचे नाव. लोक त्यास ‘जुनी मशीद’ म्हणत. कोचीनकडून शिक्षक आले, त्यांनी प्रार्थना शिकविल्या. मुले पाठ करू लागली. परंतु घरात भाषा मराठी, आणि आईबापांना हिब्रूचे अक्षर ठाऊक नाही. मूल शाळेत एक बोले आणि घर दुसरे, अशी स्थिती होती.

या कोंडीतून वाट निघाली ती मराठीच्या मदतीने. अमेरिकन मिशन आणि स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळांत बेने इस्राएल मुले मोठ्या संख्येने जात होती. विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, हे उघड आहे. पण या समाजाने त्यांच्याकडून व्याकरण घेतले, छापखान्याची विद्या घेतली आणि आपला धर्म आपल्याजवळ ठेवला. दुसऱ्याचे हत्यार घेऊन आपले काम कसे करावे, हे त्यांच्यापासून शिकण्यासारखे आहे.

मग पुस्तके निघाली. त्यांतले एक विशेष सांगण्यासारखे आहे, ते ‘हग्गादा’. वल्हांडणाच्या रात्री सारे घर एका पंगतीस बसते. मिसरच्या गुलामगिरीतून आपले पूर्वज कसे सुटले, ही कथा त्या रात्री सांगावयाची असते. पण ती कोणी आपणहून सांगत नाही. घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाने आधी प्रश्न विचारावयाचे : आजची रात्र इतर रात्रींहून निराळी का? आज बिनखमिराची भाकरी का? कडू भाजी का? मुलाने विचारले म्हणजे मोठ्यांना उत्तर देणे भाग पडते. गुलामीची आणि सुटकेची गोष्ट पिढी दरपिढी पोचविण्याची ही फार शहाणपणाची रीत आहे.

ही रीत चालायची तर उत्तर मोठ्यांना समजले पाहिजे. म्हणून १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली आणि १८७४ साली आपल्या पुण्यात तिची सचित्र आवृत्ती निघाली. त्या पुण्याच्या पोथीत बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगडे नेसलेल्या काढल्या आहेत. या चित्राचे मोल आम्हांला फार वाटते. मिसरची कथा आपल्याच स्वयंपाकघरात घडते आहे, असे ते चित्र पाहून मुलाला वाटले असेल. ज्या आईला शाळेत जाता आले नाही तिलाही त्या पोथीने शाळेत ओढून आणले. पुढे १८८०च्या सुमारास या समाजात कीर्तने सुरू झाली. आपल्या हरिदासांच्या चालीवर, मराठी पदांत, अब्राहामाचे आणि इतर पूर्वजांचे आख्यान लागे. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठी ही रात्रीची शाळाच होती.

भूमी अशी तयार झाल्यावर १८७५ साली हाइम सामुएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ‘इझ्रेलाइट स्कूल’ काढले. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली तेही १८७५ सालीच, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. केहिमकरांच्या शाळेत हिब्रू होती, पण केवळ हिब्रू नव्हती. मराठी आणि इंग्रजीही होती. पोटासाठी लागणारी विद्या आणि परंपरेसाठी लागणारी विद्या एका छपराखाली ठेवण्याचा हा बेत होता. पैशाची ओढाताण नेहमीची. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने मदत केली; पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर शाळेस त्यांचे नाव लागले. केहिमकरांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, ते गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी.

स्वतःच्या शाळेचा एक मोठा लाभ सुट्टीचा असतो. आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, ती १८९० साली. हा आम्हां सर्वांचा अभिमानाचा दिवस. परंतु ज्याचा विश्रांतीचा दिवस शनिवार आहे, त्याला रविवार पुरत नाही. शनिवारी सरकारी शाळेत गेला तर प्रार्थना बुडते. न गेला तर धडा बुडतो. आपली शाळा असली म्हणजे आठवडा आपल्याला आखता येतो. वेळापत्रक कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न कारखान्यात जितका महत्त्वाचा आहे तितकाच तो शाळेतही आहे.

या शाळेस कर्तबगार माणसे लाभली. रिबेका रूबेन या १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिल्या आल्या. १९२२ पासून १९५० पर्यंत त्यांनी शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. मुलींना मागे ठेवून कोणताही समाज पुढे जात नाही, याचा हा चालता-बोलता पुरावा होता. मात्र सारेच उजळ होते असे नाही. या समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता, काळ्यांना पंगतीत दूर ठेवीत. आणि बगदादी यहुदी पुन्हा या सर्वांनाच कमी लेखीत. ज्या रात्री गुलामगिरीतून सुटल्याची कथा सांगावयाची त्याच रात्री पंगतीत भेद पाळावयाचा, हे कोणत्याही धर्मात शोभत नाही. पण आपण आपल्या गावच्या पंगती आठवाव्या आणि मगच त्यांना दोष द्यावा.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि हळूहळू बहुतेक समाज तिकडे गेला. १९५१च्या जनगणनेत भारतात सर्व प्रकारचे मिळून सव्वीस हजारांवर यहुदी होते. आज ते पाच हजारांच्या आसपास उरले आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. सर एली कदूरी शाळा माझगावात उभी आहे, पण तिच्या वर्गांत आता यहुदी मुले जवळजवळ नाहीत. बहुतेक विद्यार्थी मुसलमान आहेत. याला कोणी शाळेचे अपयश म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. गरिबाच्या मुलांसाठी काढलेली शाळा अजून गरिबाच्याच मुलांना शिकवीत आहे. आणि इस्राएलला गेलेल्यांनी तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले, कीर्तनाची पदे तेथेही म्हटली. ज्या भाषेतून धर्म शिकले ती भाषा त्यांनी परदेशातही टाकली नाही.

या सर्वांतून आपण काय घ्यावे? आपल्या दोन्ही तालुक्यांत साखर कारखाने आहेत. गळिताच्या हंगामात ऊसतोड कामगार दूरदूरच्या जिल्ह्यांतून येतात, कोप्या घालून राहतात. नवरा-बायको पहाटे कोयता घेऊन फडात जातात आणि आठ-दहा वर्षांची पोर धाकट्या भावाला सांभाळीत कोपीवर राहते. तिकडे भीमाशंकराच्या डोंगरातले महादेव कोळ्यांचे, ठाकरांचे मूल वसतिगृहात राहून शिकते. त्याने काय वाचले हे त्याच्या आईला कळत नाही आणि आईला काय येते याची शाळेला चौकशी नसते. कोपीवरचे मूल शाळेत पोचत नाही आणि डोंगरावरच्या मुलाची शाळा त्याच्या घरात पोचत नाही. पुस्तके वाटून किंवा खोल्या बांधून ही दोन्ही अंतरे तुटणार नाहीत.

शनिवार तेल्यांनी चार गोष्टी केल्या. शिकणाऱ्यांच्या आठवड्याप्रमाणे वेळ ठरविली. घरच्या भाषेत पुस्तक काढले. शिक्षकाचा भार आपल्या वर्गणीतून उचलला आणि बाहेरची मदत त्यानंतर मागितली. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वर्षातून एक रात्र अशी पाळली की त्या रात्री मुलाने विचारावे आणि आईबापांनी सांगावे.

ही चौथी गोष्ट आपल्याला बिनपैशाची आहे. कोपीवरच्या वर्गात महिन्यातून एक संध्याकाळ आईबापांसाठी ठेवावी. पोरांनी विचारावे : आई, आपण गाव सोडून इतक्या लांब का येतो? उचल म्हणजे काय? मुकादम आपल्याला काय देतो आणि काय कापतो? डोंगरातल्या मुलाने आजीला रानभाज्यांची नावे, तिच्या लहानपणीच्या गावाची हकीकत विचारावी आणि वहीत उतरावी. या प्रश्नांची उत्तरे देता देता मोठी माणसेही शिकू लागतील. काहींना उत्तरे येणार नाहीत आणि ती शोधायला ती आमच्या सभेला येतील. युनियनचे अभ्यासवर्ग ओस पडतात, त्याचे एक कारण हेच की आम्ही एकट्या पुरुषाला बोलावितो, त्याच्या घराला बोलावीत नाही.

पुढचा हंगाम सुरू होण्यास अजून काही महिने आहेत. पंचवीस मुलांमागे एक शिकविणारा, या जुन्या हिशेबाने प्रत्येक फडासाठी किती माणसे लागतील ते आपण या काळात मोजू शकतो. श्रोत्यांपैकी ज्यांना संध्याकाळी दोन तास मोकळे आहेत त्यांनी आपली नावे द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.