केकच्या कडा-तुकड्यांतून जोडधंदा

सोनाराच्या पेढीतील झाडलोटसुद्धा फुकट जात नाही. झारेकरी ती पैसे मोजून नेतो आणि धुऊन त्यातले सोन्याचे कण काढतो. शिंप्याच्या कतरनीची गोधडी होते, सुताराचा भुसा भट्टीवाला नेतो. आपल्या अनेक बेकऱ्यांत मात्र केकच्या कापलेल्या कडा, उंचवट्याचे तुकडे आणि पत्र्यावर उरलेला चुरा संध्याकाळी टोपलीत जमतो. थोडा कामगारांची पोरे खातात, बाकीचा कचऱ्याच्या गाडीत जातो. त्या चुऱ्यात मैदा आहे, साखर आहे, अंडी आहेत, तूप आहे आणि भट्टीचे इंधनही आहे. या सगळ्याचे पैसे बेकरीवाल्याने आधीच मोजलेले असतात.

बेकरीचा धंदा आज पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. त्यामुळे लाकडाच्या भट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या पाव भाजणाऱ्या अनेक मालकांवर नव्या भट्टीच्या खर्चाचा बोजा पडला. अशा वेळी पावाचा भाव वाढवणे कठीण असते, पण वाया जाणारा माल वाचवणे मालकाच्याच हातात असते.

तुकडे किती निघतात?

पहिली गोष्ट हिशेबाची. १० इंच बाजूच्या चौकोनी केकमधून १० इंच व्यासाचा गोल कापला, तर चार कोपरे मिळून २१ टक्क्यांहून थोडा अधिक भाग बाजूला पडतो. मोठ्या पत्र्यावर केक भाजून त्यातून शेजारी शेजारी गोल काढले तरी प्रमाण हेच राहते. वरचा फुगवटा सपाट करताना निघणारा भाग वेगळा. बदामाच्या किंवा आकड्यांच्या आकाराचे केक करणाऱ्यांकडे तुकडे याहूनही जास्त निघतात.

म्हणून खरी पहिली कमाई तुकडे कमी करण्यात आहे. गोल केक गोल साच्यातच भाजावा. पत्र्यावरचा केक शक्यतो चौकोनी पेस्ट्रीसाठी वापरावा. एवढे करूनही जे उरेल त्याचे रोज वजन करून वहीत लिहावे. आठवडाभर हे केले की आपण किती माल टाकून देतो ते डोळ्यांपुढे येते.

जगभर चालणारा माल

तुकड्यांपासून लहान गोळे करणे ही काही नवी कल्पना नाही. डेन्मार्कच्या बेकऱ्यांत उरलेल्या केक-पेस्ट्रीत कोको आणि जॅम मिसळून मोठे गोळे विकले जातात. रशियात केक किंवा बिस्किटांच्या चुऱ्याची, बटाट्याच्या आकाराची मिठाई सोव्हिएत काळापासून लोकप्रिय आहे आणि तिचे नावच ‘कार्तोश्का’, म्हणजे बटाटा, असे आहे. अमेरिकेत २००८ च्या सुमारास काडीवर खोवलेला केकचा गोळा ‘केक पॉप’ या नावाने गाजला आणि २०११ मध्ये स्टारबक्ससारख्या मोठ्या कंपनीने तो आपल्या दुकानांत ठेवला. आपल्याकडेही शहरातील बेकऱ्यांत ‘चॉकलेट बॉल’ दिसतो. लाडू वळणाऱ्या हातांना हे काम शिकवावे लागत नाही.

कृती

तुकडे कापल्याबरोबर झाकणाच्या स्वच्छ डब्यात टाकावेत. साधा स्पंज, चॉकलेट स्पंज आणि मावा केक यांचे डबे वेगळे ठेवावेत. करपलेली कड काढून टाकावी, कारण तिचा कडवटपणा सगळ्या घाण्यात उतरतो. मग हाताने चुरून मोठ्या भोकांच्या चाळणीतून काढावे.

१ किलो चुऱ्याला साधारण २०० ग्रॅम जॅम आणि ५० ग्रॅम कोको पावडर लागते. केक ताजा व ओलसर असेल तर जॅम आधी १५० ग्रॅमच घालावा आणि मूठ वळून पाहावी. गोळा बांधला गेला पाहिजे, पण तळहाताला चिकटता कामा नये. जॅम जास्त झाला तर गोळा लगद्यासारखा लागतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा मागत नाही.

जॅमऐवजी बिया काढून वाटलेला खजूर वापरता येतो. तो चांगला बांधतो, साखर वेगळी लागत नाही आणि रमजानमध्ये इफ्तारच्या डब्यासाठी असा गोळा शोभून दिसतो. मध्ये भाजलेल्या बदामाचा तुकडा ठेवला तर भावही चांगला येतो.

२५ ग्रॅमचा एक याप्रमाणे वरील मिश्रणाचे ५० गोळे होतात. प्रत्येक गोळा काट्यावर तोलूनच वळावा. अंदाजाने वळलेले गोळे लहानमोठे होतात आणि हिशेब चुकतो. गोळे अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावेत. अगदी गोठवू नयेत, नाहीतर गरम चॉकलेटात बुडवल्यावर वरचे कवच तडकते.

कवचासाठी चॉकलेट कंपाउंड गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवावे. त्यात पाण्याचा किंवा वाफेचा थेंबही पडू देऊ नये, कारण चॉकलेट लगेच घट्ट होऊन गुठळ्या धरते. काट्या-चमच्यावर गोळा बुडवून बटर पेपरवर ठेवावा. ज्यांना खर्च कमी ठेवायचा आहे त्यांनी गोळा कोको पावडरीत किंवा सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवावा.

ज्या कडा सुकून गेल्या आहेत त्या गोळ्यात घालू नयेत. त्यांचे बोटभर तुकडे मंद भट्टीत पुन्हा कोरडे भाजले की केक रस्क होतो. पाव काढून झाल्यावर भट्टीत जी ऊब उरते तीच याला पुरते.

खर्च-उत्पन्नाचा हिशेब

भाव गावोगाव वेगळे असतात, म्हणून खालील आकडे नमुन्यादाखल समजावेत आणि त्या जागी प्रत्येकाने आपले भाव घालावेत. ५० गोळ्यांसाठी चुऱ्याची किंमत ६० रुपये, जॅम ३०, कोको ४०, चॉकलेट कंपाउंड ३०० ग्रॅम ९०, कागदी वाट्या १५, मजुरी १०० आणि गॅस-वीज १५ रुपये धरली, तर एकूण खर्च ३५० रुपये होतो. म्हणजे एक गोळा ७ रुपयांना पडतो.

१२ रुपयांनी विकला आणि ५० पैकी ५ उरले असे धरले, तर ४५ गोळ्यांचे ५४० रुपये येतात. १९० रुपये सुटतात. आठवड्याला ४ किलो तुकडे निघत असतील तर महिन्याला सुमारे ३,००० रुपये. रक्कम फार मोठी नाही, पण एरवी कचऱ्यात जाणाऱ्या मालातून ती येते आणि छोट्या बेकरीचे एखादे बिल त्यात भागते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, चुऱ्याची किंमत शून्य धरू नये. दुसरी त्याहून महत्त्वाची. माल खपू लागला की मागणी वाढते आणि मालक गोळ्यांसाठी मुद्दाम केक भाजू लागतो. त्या केकचा खर्च किलोला २०० रुपये धरला तर वरचा ३५० चा खर्च ४९० होतो आणि सुटतात फक्त ५० रुपये. हा तुकड्यांचा धंदा आहे. जेवढे तुकडे तेवढाच माल करावा. संपला तर गिऱ्हाइकाला उद्या या म्हणावे.

दुसऱ्या दुकानदाराला ९ रुपयांनी माल दिला तर त्याच ४५ गोळ्यांवर ५५ रुपयेच राहतात, त्यातही उधारीची भीती. म्हणून आधी स्वतःच्या गल्ल्यावरच विकावा.

उरलेला आणि शिळा यांतील फरक

या धंद्याला बदनामी येते ती एकाच कारणाने. काही ठिकाणी दुकानातून परत आलेली पेस्ट्री, मुदत संपलेला केक, आंबट झालेले क्रीम, सगळे कोकोच्या काळ्या रंगाखाली लपवून गोळ्यात घातले जाते. गिऱ्हाइकाला चव कळत नाही असे समजू नये. एका मुलाचे पोट बिघडले तर मोहल्ल्यात त्या बेकरीचा पावही कोणी घेत नाही. आज कापलेला तुकडा म्हणजे उरलेला माल, काल परत आलेला केक म्हणजे शिळा माल. पहिल्याचा गोळा करावा, दुसऱ्याचा कदापि करू नये. कायद्यालाही ते मान्य नाही आणि गिऱ्हाइकाला फसवून आलेल्या पैशात बरकत नाही.

तुकडे त्याच दिवशी वापरणे जमत नसेल, तर हवाबंद पिशवीत तारीख लिहून डीप फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि महिन्याच्या आत संपवावेत. घरी केक करणाऱ्या भगिनींकडे एका केकमागे थोडेच तुकडे निघतात, त्यांनी असेच साठवावे. तयार गोळे फ्रिजमध्ये चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नयेत. क्रीम लागलेले तुकडे वापरले असतील तर दुसऱ्याच दिवशी संपवावेत.

काही खबरदाऱ्या

परदेशी कृतींत या गोळ्यांत रम घालतात आणि आपल्याकडेही काही कारागीर ‘रम एसेन्स’ वापरतात. आपल्या गिऱ्हाइकांसाठी ते नाव आणि तो वास दोन्ही नकोत. व्हॅनिलासह अनेक एसेन्स अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असतात, म्हणून बाटलीवरील घटक वाचूनच माल घ्यावा. केक जेल व तयार क्रीममधील ४७१ क्रमांकाचे द्रव्य वनस्पती तेलापासूनही बनते आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही, तेव्हा पुरवठादाराकडून कंपनीचा लेखी खुलासा मागावा. हॉटेल किंवा केटररकडून तुकडे विकत घेत असाल तर तो केक दारूत भिजवलेला नाही याची खात्री करावी.

अंड्याच्या व बिनअंड्याच्या केकचे तुकडे कधीही एकत्र करू नयेत. आपल्याकडे येणाऱ्या अंडे न खाणाऱ्या गिऱ्हाइकाचा विश्वास हीसुद्धा अमानत आहे. अंड्याच्या मालाच्या पाकिटावर तपकिरी चौकोनातील त्रिकोणाची मांसाहारी खूण लागते. बदाम, शेंगदाणा घातला असल्यास तेही लिहावे.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार घरातून विकणाऱ्यालाही नोंदणी किंवा परवाना लागतो आणि पाकिटावर त्याचा १४ आकडी क्रमांक छापावा लागतो. जीएसटी भरणाऱ्यांसाठी केक-पेस्ट्रीवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने भाव लावलेला असेल तर तो तपासून घ्यावा.

सुरुवातीला यंत्र लागत नाही, कर्ज लागत नाही, वेगळी जागाही लागत नाही. एक काटा, एक चाळणी, झाकणाचे दोन-तीन डबे आणि एक वही एवढे पुरे. व्यवसायबंधूंनी पहिला आठवडा केवळ तुकड्यांचे वजन लिहावे, दुसऱ्या आठवड्यात एक किलोचा घाणा करून ओळखीच्या गिऱ्हाइकांना चाखवावा आणि मगच पुढे जायचे की नाही ते ठरवावे.