भोकाचं नाणं आणि आगगाडी

टोकियोच्या मेइजी देवस्थानात वर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत सुमारे ३० लाख माणसं येतात. रांग ३१ डिसेंबरच्या रात्रीच लागते. कडाक्याची थंडी, पायाखाली खडीची करकर, आणि पोलिसांनी फलक उंचावला की हजारोंचा घोळका जागच्या जागी थांबतो! या वर्षातल्या पहिल्या देवदर्शनाला जपानी लोक 'हात्सुमोदे' म्हणतात.

देवळापुढे पांढरं कापड अंथरलेलं एक मोठं अंगणच तयार केलेलं असतं; नाणी तिथे टाकायची. मागे अडकलेले लांबूनच भिरकावतात. मग दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. तासभराच्या रांगेचं फळ अर्ध्या मिनिटात पदरात पडतं.

नाणं शक्यतो पाच येनचं. पितळी, मधोमध भोक (आजीच्या डब्यातला भोकाचा पैसा आठवा), भोकाभोवती दातेरी चाक, वर वाकलेली भाताची लोंबी. किंमत अंकात नाही, फक्त जपानी लिपीत. पाच येन म्हणजे 'गो-एन', आणि 'गो-एन' म्हणजे ऋणानुबंधही. एवढ्या उच्चारसाम्यावर हे चिल्लर नाणं देवापुढे मानाचं ठरलं.

हे सगळं पुरातन वाटतं ना? मेइजी देवस्थान १९२० सालचं. १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, १९५८ साली पुन्हा उभं राहिलं. भोवतालचं घनदाट रान माणसांनीच लावलेलं, देशभरातून आलेल्या सुमारे एक लाख झाडांचं.

आणि प्रथा? पूर्वी लोक गावच्या देवाला जात, नाहीतर घरापासून त्या वर्षी शुभ ठरलेल्या दिशेच्या देवळात. १८७२ साली टोकियो-योकोहामा रेल्वे सुरू झाली, तिच्या वाटेवर कावासाकी. तिथलं दाइशी मंदिर एकदम हाकेच्या अंतरावर आलं. १८९९ साली त्या मंदिरासाठी विजेची गाडीच सुरू झाली. मुहूर्त धरला २१ जानेवारीचा, तिथल्या वर्षातल्या पहिल्या यात्रेचा. रेल्वे कंपन्यांनी चढाओढीने जाहिराती केल्या आणि शुभ दिशा बिचारी मागे पडली. गाडी जाईल ती दिशा शुभ! माझ्या मते हात्सुमोदेच्या आजच्या रूपाचं निम्मं श्रेय तिकीटखिडकीला द्यायला हवं.

जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: मेइजी शिंतो आहे, कावासाकी दाइशी बौद्ध. तिथे टाळ्या वाजवायच्या नाहीत, नुसते हात जोडायचे.