व्हीसीबी 'ऑफ' आहे, म्हणजे सुरक्षित आहे का? ११ केव्ही ब्रेकर असा तपासतात

फोन स्विच ऑफ केला की स्क्रीन काळी होते, पण बॅटरीतला चार्ज तसाच राहतो. ११ केव्हीच्या ब्रेकरचंही तसंच आहे. पॅनेलवर हिरवा दिवा लागला, 'ऑफ' दिसलं, म्हणून लगेच आत हात घालायचा नसतो. आयटीआय किंवा डिप्लोमा करून उपकेंद्रात किंवा कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस म्हणून जाणार असाल, तर हा फरक पहिल्याच दिवशी माहीत हवा.

व्हीसीबीच्या आत काय असतं?

व्हीसीबी म्हणजे व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर, घरातल्या एमसीबीचा थोरला भाऊ. महावितरणच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रांत आणि मोठ्या कारखान्यांत तो बसवलेला असतो. फीडरवर फॉल्ट आला की रिले त्याला ट्रिप करतो आणि तुमच्या भागातली लाईट जाते.

तीन फेजसाठी तीन सीलबंद बाटल्या असतात, बहुतेक सिरॅमिकच्या. प्रत्येकीत दोन कॉन्टॅक्ट असतात आणि ब्रेकर उघडला की ते साधारण एक सेंटीमीटर दूर जातात. एवढ्याशा अंतरात ११,००० व्होल्ट कसे अडतात? कारण मध्ये जवळजवळ हवाच नसते. कॉन्टॅक्ट सुटताना आर्क पडतो, पण तो फक्त कॉन्टॅक्टच्याच धातूच्या वाफेवर टिकतो. आपला ५० हर्ट्झचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्या क्षणी वाफ आजूबाजूच्या धातूवर जमते आणि आर्क विझतो.

अडचण अशी, की बाटलीत हवा शिरली तरी बाहेरून कळत नाही. तिच्यावर प्रेशर गेज नसतो. ब्रेकर रोज ऑन-ऑफ होतो, सगळं ठीक वाटतं आणि खरा फॉल्ट येतो तेव्हा आर्क विझतच नाही. म्हणून वेळच्या वेळी टेस्ट करावी लागते.

हात लावण्याआधी

१. परमिट: काम कुठे, कोणत्या फीडरवर, कोण करणार, हे लिहून घेतल्याशिवाय सुरुवात नाही. ब्रेकर ऑफ करून ट्रॉली पॅनेलबाहेर काढतात, कुलूप लावतात आणि 'काम चालू आहे' असा टॅग अडकवतात.

२. शटर: ट्रॉली बाहेर आली तरी पॅनेलच्या आत शटरमागे बसबार लाईव्हच असू शकतो. केबलच्या बाजूनेही उलटा सप्लाय येऊ शकतो. शटर उचलून आत डोकावणं जिवावर बेतू शकतं, म्हणून शटरलाही कुलूप लावतात.

३. डिटेक्टर आणि अर्थिंग: केबलवर किंवा यार्डातल्या फिक्स ब्रेकरवर काम असेल तर आधी व्होल्टेज डिटेक्टर चालू सप्लायवर तपासतात, मग कामाच्या जागी लावतात, मग पुन्हा चालू सप्लायवर बघतात. डिटेक्टरच बिघडला असेल तर तो 'सप्लाय नाही' असंच सांगणार ना! सप्लाय नसल्याची खात्री झाली की अर्थिंग करतात.

४. स्प्रिंग: ब्रेकर चालतो ताणलेल्या स्प्रिंगच्या जोरावर. सप्लाय नसला तरी स्प्रिंग सुटली तर बोटं तुटू शकतात. म्हणून चार्जिंग मोटरचा सप्लाय बंद करून, पॅनेलबाहेर काढलेला ब्रेकर ऑफ, ऑन, ऑफ असा चालवून दोन्ही स्प्रिंग मोकळ्या करतात.

मग टेस्ट कोणत्या?

- नजरेने तपासणी: बाटलीला तडा, धूळ, ओल, जळकट डाग, ढिले नटबोल्ट. कॉन्टॅक्ट किती झिजले, हे अनेक ब्रेकरवर एका खुणेवरून कळतं.

- मेगर: ५ केव्ही डीसी देऊन इन्सुलेशन बघतात. धूळ आणि ओल यात पकडली जाते.

- कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स: ब्रेकर ऑन ठेवून साधारण १०० अँपिअर डीसी सोडतात आणि मायक्रोओहममध्ये रीडिंग घेतात. तीनपैकी एका फेजचं रीडिंग बरंच जास्त आलं, तर तिथे गरम होण्याची शक्यता असते.

- टायमिंग: तिन्ही फेज किती मिलिसेकंदांत आणि एकत्र उघडतात का, हे बघतात.

- व्हॅक्यूम टेस्ट: ब्रेकर ऑफ ठेवून उघड्या कॉन्टॅक्टमध्ये हाय व्होल्टेज देतात. १२ केव्ही रेटिंगच्या ब्रेकरला कारखान्यात २८ केव्ही एसी एक मिनिट देतात. साइटवर मॅन्युअलमध्ये दिलेला, साधारणपणे याहून कमी आकडा पाळतात.

इथे बरेच जण फसतात. "मेगर चांगला आला, म्हणजे व्हॅक्यूम ठीक" असं म्हणतात. पण एक सेंटीमीटर साधी हवासुद्धा ३० केव्हीच्या आसपास टिकते. मग हवा भरलेली बाटली ५ केव्हीच्या मेगरला पास होणारच! या टेस्टपैकी व्हॅक्यूमची खात्री हाय व्होल्टेज टेस्टच देते.

या टेस्टमध्येच एक न दिसणारा धोका असतो. व्हॅक्यूममध्ये जास्त व्होल्टेज दिलं की उघड्या कॉन्टॅक्टमधून एक्स-रे निघू शकतात. म्हणून कॉन्टॅक्टमधलं अंतर पूर्ण आहे का ते आधी बघायचं, ठरलेल्या व्होल्टेजच्या वर जायचं नाही आणि मॅन्युअलप्रमाणे लांब उभं राहायचं. टेस्ट संपल्यावरही बाटलीत चार्ज उरतो. डिस्चार्ज रॉडने दोन्ही टोकं आणि मधली धातूची पट्टी अर्थ केल्याशिवाय हात लावायचा नाही.

फोनचं काय करायचं?

नेमप्लेट, ऑपरेशन काउंटर आणि टेस्टच्या रीडिंगचे फोटो जरूर काढा. पुढच्या वर्षीच्या रीडिंगशी तुलना करायला ते कामी येतात. पण हे परमिट मिळाल्यावर, सुरक्षित जागी उभं राहून. चालू यार्डात फोन उंच धरून रील काढायची नाही. ११ केव्हीच्या फार जवळ गेलात, तर स्पर्श न करताही झटका बसू शकतो.

हे वाचून कोणी एकट्याने पॅनेल उघडू नका. हे अधिकृत आणि प्रशिक्षित माणसांचं काम आहे. तुम्ही शिकाऊ असाल तर काम सुरू होण्याआधी सिनियरला तीन प्रश्न विचारा: परमिट कुठे आहे? अर्थ कुठे लावलाय? स्प्रिंग मोकळी केली का? एकाचंही उत्तर मिळालं नाही, तर हात खिशातच ठेवा. असं विचारलं म्हणून कोणी हसलं तर हसू द्या.