नाव झाकलेले, कागद उघडे

निनावी पत्राची जागा केराच्या टोपलीत, असे आपण म्हणतो. मग नाव लपवणाऱ्यावर विश्वास ठेवावा तरी केव्हा?

मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, ‘द हिंदू’ने १९८८ मध्ये बोफोर्स तोफांच्या दलालीची कागदपत्रे छापली. चित्रा सुब्रमण्यम यांना ती कोणी दिली, हे वाचकांना ठाऊक नव्हते. पण कागद पडताळता येत होते आणि जबाबदारी वृत्तपत्राने घेतली होती. देणारे होते स्वीडनचे पोलीस अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम. २०१२ मध्ये ते स्वतःच पुढे आले. अमिताभ बच्चन यांचे नाव यात नाहक गोवले गेले, असेही त्यांनी सांगितले.

सत्य सांगताना जिवाच्या, नोकरीच्या भीतीने नाव झाकणे समजू शकते. आडोशाला राहून, पुराव्यावाचून दुसऱ्याची अब्रू घेणे मात्र क्षम्य नाही.